लाईन (शब्द)

इंग्रजीतील रोजच्या वापरातला शब्द. नाम आणि क्रियापद दोन्ही. शब्दकोशात त्याचे अर्थ पानेच्या पाने चालतात: दोरी, रेषा, रांग, कवितेची ओळ, नटाचे वाक्य, सरहद्द, लोहमार्ग, तार, वंश, धंदा, कपाळावरची सुरकुती. वरवर पाहता यांचे एकमेकांशी काही देणेघेणे नाही. पण जवळजवळ सगळ्यांच्या मुळाशी एक दोरा आहे, आणि तोही खराखुरा, जवसाचा.

लॅटिनमध्ये ‘लीनुम’ म्हणजे जवस आणि त्याच्या तंतूंचा दोरा तो ‘लीनेआ’. हा शब्द जुन्या इंग्रजीत होताच. पुढे फ्रेंचमार्गे तो पुन्हा आला आणि दोन्ही एकजीव झाले. लिनन कापड याच घराण्यातले. कोटाच्या अस्तराला लायनिंग म्हणतात ते रेघांमुळे नव्हे, अस्तर लिननचे असे म्हणून. विदर्भातल्या ताटातली जवसाची चटणी आणि मुंबईची हार्बर लाईन यांचे नाते असे एका रोपट्यापाशी जाऊन जुळते.

दोऱ्यातून बाकीचे अर्थ कसे निघाले हे बांधकामावर डोळ्यांनी दिसते. गवंडी दोन टोकांना खिळे मारून दोरी ताणतो, बोटाने टिचकी मारून ती ताठ आहे ना पाहतो आणि तिच्या कडेने विटा बसवत जातो. संध्याकाळी दोरी गुंडाळली तरी भिंतीत तिचा सरळपणा राहतो. ती झाली रेषा. विटांच्या जागी माणसे आली की रांग, अक्षरे आली की ओळ, घरे किंवा तंबू आले की वस्ती. दोरीच्या जागी तांब्याची तार आली तेव्हा टेलिफोनची लाईन झाली, रूळ आले तेव्हा रेल्वेची. खलाशांनी मात्र मूळ अर्थ सोडला नाही: जहाजावर कामाला जुंपलेला दोर म्हणजे लाईनच. त्यांच्याच बोलीत ‘द लाईन’ म्हणजे विषुववृत्त, आणि ते पहिल्यांदा ओलांडणाऱ्या नवख्याची यथेच्छ थट्टा करण्याची चाल जुनी आहे.

इंग्रजी बोलणाऱ्यांतही एकवाक्यता नाही. अमेरिकी माणूस लाईनमध्ये उभा राहतो, ब्रिटिश माणूस ‘क्यू’ लावतो. न्यूयॉर्कमध्ये पुष्कळ जण रांगेत उभे असले की ‘ऑन लाईन’ आहोत म्हणतात. इंटरनेट येण्याच्या कितीतरी आधीपासून.

जोडशब्दांपैकी सर्वांत भयंकर कुळकथा ‘डेडलाईन’ची. अमेरिकी यादवी युद्धात, 1864 मध्ये, जॉर्जियातील अँडरसनव्हिल येथे युद्धकैद्यांची छावणी उभारली गेली. तटाच्या आतल्या बाजूने एक बुटके कुंपण घातले होते. ते ओलांडणाऱ्या कैद्याला पहारेकरी गोळी घालत. ती डेडलाईन. ‘ठरलेली मुदत’ हा अर्थ विसाव्या शतकात अमेरिकी वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांतून रूढ झाला. ‘बॉडीलाईन’ क्रिकेटचा: 1932–33 च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात इंग्लंडच्या गोलंदाजांनी फलंदाजाच्या अंगाच्या रोखाने मारा केला. हा डाव रचणारा कर्णधार डग्लस जार्डिन मुंबईत जन्मलेला. नकाशावरच्या लाईनी तर माणसांच्या नावाने ओळखल्या जातात: ड्युरँड (अफगाणिस्तानची सरहद्द, 1893), मॅकमहॉन (तिबेटची, 1914), रॅडक्लिफ (पाकिस्तानची, 1947).

मराठीत हा शब्द स्त्रीलिंगी झाला. ओळ, रांग, रेषा या तिघी आधीच घरात असल्याने त्याला दुसरे लिंग मिळणे अवघडच होते. अनेकवचन लाईनी किंवा लायनी, आणि विभक्तीही बिनतक्रार लागते: लायनीत, लायनीने, लायनीतून. इंग्रजी लष्करात बराकींच्या ओळींना लाइन्स म्हणत. त्यातून नागपूरचे सिव्हिल लाइन्स आणि गावोगावच्या पोलीस लायनी आल्या. वाट मोकळी या अर्थाचा ‘लाईन क्लिअर’ सरळ रेल्वेतला आहे: पुढच्या स्टेशनने लाईन क्लिअर दिल्याशिवाय मागचे स्टेशन गाडी सोडत नाही. लग्नाच्या बोलणीत मुलीच्या मामाने होकार दिला की घरचेही तेच म्हणतात.

काही अर्थ मात्र इथलेच. ‘लाईन मारणे’ इंग्रजाला उलगडून सांगावे लागेल. ‘लाईन गेली’ म्हणजे वीज गेली. खेड्यात तर वीज हा शब्द आभाळातल्या विजेसाठी राखून ठेवल्यासारखा आहे, घरात असते ती लाईन. शेतकरी रात्री मोटार चालू करायला जातो तो ‘लाईन आली’ म्हणून, आणि खांबावर चढतो तो लायनमन. रेशनच्या रॉकेलसाठी लाईन लागे तेव्हा तिच्यात माणसे थोडी आणि रिकामे डबे, पिशव्या, विटांचे तुकडेच जास्त असत. प्रत्येकाचा मालक ठरलेला. दुकान उघडायच्या सुमारास मालक येऊन आपापल्या डब्यामागे उभे राहत, आणि मध्येच कोणी घुसला तर मागून आवाज येई, ‘‘ओ, लायनीत या!’’