वेग पिळात असतो

ठाणे-बेलापूर रस्त्याने दिघ्याच्या पुढे गेलं की ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात बिनखिडक्यांच्या अवाढव्य इमारती दिसू लागतात. गच्चीवर कूलिंगची यंत्रं, आवारात ओळीने डिझेल जनरेटर. ही डेटा सेंटरं. इथून रिक्षाच्या अंतरावर, ऐरोलीतल्याच एखाद्या टू-बीएचकेच्या आतल्या बेडरूममध्ये मात्र ऑफिसची मीटिंग सुरू झाली की समोरच्याचा चेहरा गोठतो. प्लॅन 200 एमबीपीएसचा, बिल वेळेवर भरलेलं, राऊटर हॉलमध्ये टीव्हीशेजारी सगळे दिवे लावून बसलेला. बेडरूममध्ये मोजलं तर वेग भरतो 15-20.

मग लोक महागडा राऊटर आणतात. सहा अँटेनांचा, आठ-दहा हजारांचा. त्याने हॉलमधला वेग वाढतो, जिथे तो आधीही बरा होता.

दारापर्यंत इंटरनेट बहुधा ठीकच आलेलं असतं. घरोघरच्या फायबरमागे सहसा जीपॉन नावाचं तंत्र असतं. केसासारख्या बारीक काचेच्या धाग्यातून सेकंदाला साधारण 2.5 गिगाबिटचा प्रवाह येतो आणि तो 32 किंवा 64 घरांत वाटला जातो. येणारा प्रकाश 1490 नॅनोमीटरचा, जाणारा 1310 चा, म्हणून एकाच धाग्यावरून दोन्ही दिशांची ये-जा एकमेकांच्या आड येत नाही. अडतं ते शेवटच्या 25 फुटांत, हॉलपासून बेडरूमपर्यंत.

हवा ही सामाईक जागा आहे. वाय-फायच्या एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचं आणि बाकीच्यांनी थांबायचं, असा नियम आहे. 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: 1, 6 आणि 11. टॉवरमधल्या कुठल्याही मजल्यावर फोनमध्ये वाय-फायची यादी उघडा. शेजाऱ्यांची जेवढी नावं दिसतील, त्या सगळ्यांत हे तीन वाटून घ्यायचे आहेत. 5 गिगाहर्ट्झमध्ये जागा पुष्कळ आहे, पण त्या लहरी भिंतीपाशी लवकर दमतात. त्यात घोडबंदर रोडवरच्या नव्या टॉवरांतल्या भिंती पाहा. मिवान पद्धतीत अॅल्युमिनियमचे साचे लावून सगळं एकदम ओततात, त्यामुळे दोन खोल्यांमधली भिंतसुद्धा वीट नसून काँक्रीट असते आणि तिच्या पोटात लोखंडी जाळी असते. अशा दोन भिंती ओलांडून पलीकडे जे पोहोचतं, त्याला सिग्नल म्हणणं धाडसाचं आहे. सिडकोच्या जुन्या घरांतल्या विटांच्या भिंती या बाबतीत कितीतरी प्रेमळ.

उपाय जुना आहे: तार. मला वाटतं, घरातल्या नेटवर्कवर खर्च करायचा तर तो आधी तारेवर करावा. राऊटर चार-पाच वर्षांत शिळा होतो, भिंतीतली तार नीट घातली तर दोन-तीन राऊटर पचवते.

कॅट-6 केबल, म्हणजे राऊटरला लावतात ती नेटवर्कची तार, घ्या आणि तिचं वरचं आवरण दोन इंच सोलून बघा. आत तांब्याच्या आठ तारा, चार जोड्यांत: निळी, नारिंगी, हिरवी, तपकिरी. प्रत्येक जोडीत एक तार पूर्ण रंगाची आणि दुसरी पांढरी, त्याच रंगाचा पट्टा असलेली. दोघी एकमेकींभोवती पिळलेल्या. नखाने जोड्या जरा वेगळ्या करून पाहिल्या तर कळतं की चारींचा पीळ सारखा नाही. एखादीला इंचात जास्त वेढे, एखादीला कमी. हे कारखान्यातलं दुर्लक्ष नव्हे. केबलची खरी कारागिरी इथेच आहे.

जोडीतल्या एका तारेवर जेवढा धन विद्युत दाब, दुसरीवर त्याच क्षणी तेवढाच ऋण दाब पाठवतात. पलीकडचं यंत्र फक्त दोघींमधला फरक मोजतं. आता वाटेत मिक्सर चालू झाला, लिफ्टची मोटर फिरली, की त्यांचा विद्युत गोंगाट तारांवर चढतो. पण तारा पिळलेल्या असल्याने कधी ही गोंगाटाच्या जवळ, कधी ती. मीटरभरात हिशेब सारखा होतो आणि दोघींवर गोंगाट जवळपास समान चढतो. तराजूच्या दोन्ही पारड्यांत सारखीच धूळ बसली तर काटा हलत नाही, तसं हे आहे. टेलिफोनच्या तारांसाठी ही युक्ती अलेक्झांडर ग्रॅहम बेलने 1881 मध्येच पेटंट करून ठेवली होती. चार जोड्यांचे पीळ वेगवेगळे ठेवतात तेही त्याच कारणाने. सगळ्यांचा पीळ एकसारखा असता, तर शेजारच्या दोन जोड्यांतल्या त्याच त्याच तारा सतत जवळजवळ राहिल्या असत्या आणि एकीचं बोलणं दुसरीत उतरलं असतं.

तारेवरच्या या जाळ्याच्या पद्धतीला इथरनेट म्हणतात, आणि ते नाव 22 मे 1973 चं. झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ याने त्या दिवशी एक टिपण लिहिलं. त्याने आणि डेव्हिड बॉग्जने उभं केलेलं पहिलं जाळं 2.94 एमबीपीएसचं होतं आणि सगळी यंत्रं एकाच जाड कोअॅक्सियल केबलवर लटकलेली असत. कल्पनेचं मूळ हवाई बेटांवरच्या अलोहानेट या रेडिओच्या जाळ्यात होतं, म्हणजे आपल्या तारेचा पूर्वज बिनतारी होता! एकाच केबलवर सगळे, म्हणून दोघे एकदम बोलले की टक्कर ठरलेली. आज स्विच प्रत्येक यंत्राला स्वतंत्र वाट देतो आणि टकरीचा प्रश्नच मिटला.

1999 मध्ये मानक ठरलेलं गिगाबिट इथरनेट, म्हणजे सेकंदाला 1000 मेगाबिट, तर थक्क करणारं आहे. चारही जोड्या एकदम कामाला लागतात. प्रत्येक जोडीवर सेकंदाला साडेबारा कोटी ठोके, प्रत्येक ठोक्याला दाबाच्या पाच पायऱ्यांपैकी एक, आणि त्यातून ठोक्यामागे दोन बिट. जोडीला 250 मेगाबिट, चार जोड्यांचे 1000. वर एकाच जोडीवर दोन्ही टोकं एकाच वेळी बोलतात. आपण काय बोललो हे प्रत्येक टोकाला माहीत असतं. ते वजा केलं की उरतं ते पलीकडचं.

हे समजलं की कामावरच्या माणसाशी वाद घालायला बळ येतं. एरवी संवाद असा होतो:

"साहेब, आठही दिवे लागतायत. केबल ओके आहे."

"दादा, हिरवी चौथ्या नंबरला गेलीय. ती सहाव्याला घ्या."

"दोन्ही टोकांना सेमच लावलंय ना? मग काय फरक पडतो?"

फरक पडतो. जॅकमध्ये तारा लावायचा रूढ क्रम असा: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. हिरवी जोडी मुद्दाम फोडून तिसऱ्या आणि सहाव्या जागी ठेवली आहे, कारण मधल्या दोन जागा टेलिफोनच्या सोयीने आधीच ठरल्या होत्या. वायरमनला हे विचित्र वाटतं आणि तो रंगाला रंग लावून सरळ ओळ करतो. टोकाला टोक जुळतं, त्यामुळे दिव्यांचा स्वस्त टेस्टर एक ते आठ सगळे दिवे दाखवतो. पण यंत्राच्या लेखी जोडी आहे 3 आणि 6 ची, आणि आता तिथे एक तार हिरव्या जोडीतली, दुसरी निळ्या जोडीतली. या दोघी एकमेकींभोवती पिळलेल्याच नाहीत. गोंगाट दोघींवर वेगवेगळा चढतो आणि वजाबाकीत जात नाही. दोन-तीन मीटरवर कदाचित चालून जाईल, 20 मीटरवर रडवेल. टेस्टर सलगपणा तपासतो, पीळ तपासत नाही. म्हणून क्रिम्प करण्याआधी (जॅक दाबून बसवण्याआधी) रंग स्वतः डोळ्यांनी पाहावेत, आणि टोकाशी अर्ध्या इंचापेक्षा जास्त पीळ उलगडू देऊ नये.

दुसरा आजार ओळखायला आणखी सोपा. प्लॅन 300 चा आहे आणि तारेवर स्पीड टेस्ट 94-95 वर येऊन खिळते? मग केबलमधली एखादी जोडी तुटलेली असण्याची दाट शक्यता. गिगाबिटला चारही जोड्या लागतात. निळी किंवा तपकिरी गेली की यंत्रं निमूटपणे 100 वर उतरतात, कारण त्याला 1, 2, 3, 6 एवढ्याच तारा पुरतात. केबल धडधाकट असेल तर दुसरा संशयित म्हणजे फायबरच्या डब्याचं पोर्ट. स्वस्त डब्यांत पुष्कळदा एकच पोर्ट गिगाबिटचं असतं आणि बाकीची 100 ची. तार त्या एका पोर्टमध्ये घाला, पुढे स्विच लावा. पुष्कळ स्मार्ट टीव्हींचं लॅन पोर्टही 100 चंच असतं, पण 4के सिनेमाला 25 पुरतात, तेव्हा तिथे जीव जाळू नका.

केबल घेताना दुकानात ब्लेड मागा. टोकाची तार खरवडली आणि आतून चंदेरी निघाली, तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम. अॅल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या साधारण 60 टक्के, वाकवलं की लवकर तुटतं, आणि याच केबलवरून कॅमेऱ्याला वीज द्यायची असेल तर तापतं. स्वस्ताई इथे महाग पडते. नावात मात्र वाहवत जाऊ नये. कॅट-5ई वरून 100 मीटरपर्यंत गिगाबिट जातं, 2.5 गिगाबिटही जातं. कॅट-6 वरून 10 गिगाबिट 55 मीटरपर्यंत. आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये सर्वांत लांब ओढ 20 मीटरची असली तरी खूप झालं. कॅट-8 हे डेटा सेंटरमधल्या 30 मीटरच्या आतल्या कामासाठीचं मानक आहे. ऑनलाइन मिळणाऱ्या चपट्या केबलवर ते छापलेलं दिसलं तर हसून पुढे जावं.

तार घालायची कुठून? मिवानच्या भिंतीला खाच मारू नका, ती भिंतच भार वाहते आणि सोसायटीही परवानगी देणार नाही. स्कर्टिंगच्या वरून पांढरी केसिंग पट्टी लावली की काम भागतं. जुन्या घरात मात्र एक ठेवा लपलेला असतो. बिल्डरने टेलिफोनसाठी किंवा केबल टीव्हीसाठी घातलेला पाइप. एमटीएनएलचा फोन गेला, पाइप आणि त्यातली मेलेली तार राहिली. त्या जुन्या तारेच्या टोकाला नवी कॅट-6 चिकटपट्टीने घट्ट, निमुळती बांधायची, एकाने पलीकडून ओढायचं आणि दुसऱ्याने इकडून भरवायचं. ओढता ओढता दोन केबल भरवता आल्या तर दोन भरवा. मेहनत तेवढीच लागते. वळणावर इंचभर गोलाई ठेवा, काटकोनात मोडू नका. आणि 230 व्होल्टच्या वायरिंगच्या पाइपमध्ये ही केबल कधीच घालू नका. गोंगाट पीळ सांभाळून घेईल, पण वायरिंगचं आवरण फाटलं तर जिवाशी गाठ आहे.

बेडरूममध्ये तार पोहोचली की कपाटात पडलेला जुना राऊटर बाहेर काढा. त्याचा डीएचसीपी (यंत्रांना पत्ते वाटायचं काम) बंद करा, पत्ता मुख्य राऊटरपेक्षा वेगळा द्या, तार त्याच्या लॅन पोर्टमध्ये घाला (वॅनमध्ये नाही), आणि वाय-फायचं नाव-पासवर्ड हॉलच्यासारखंच ठेवा. झाला दुसरा अॅक्सेस पॉइंट, म्हणजे वाय-फाय देणारं दुसरं ठिकाण. फोन खोलीप्रमाणे जवळचा पकडतो, आणि दोन राऊटरमधली बातचीत आता हवेतून होत नाही. केबल, दोन आयओ बॉक्स (तार लावायचे भिंतीवरचे सॉकेट), पाच पोर्टचा गिगाबिट स्विच आणि मजुरी धरून हे सगळं साधारण चार-पाच हजारांत बसतं. त्या सहा अँटेनांच्या निम्म्यात.

यापुढे जायचं का? व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्यांना, घरात स्वतःचा सर्व्हर ठेवणाऱ्यांना 100 गिगाबाइटची फाइल गिगाबिटवर हलवायला 14-15 मिनिटं लागतात. 2.5 गिगाबिटवर साधारण सहा. 10 गिगाबिटवर कागदोपत्री दीड, पण फिरती हार्ड डिस्क सेकंदाला 200 मेगाबाइटच्या आसपासच देते, म्हणजे ती 2 गिगाबिटलाही पुरत नाही. डिस्क फिरती असेल तर 2016 मध्ये मानक ठरलेलं 2.5 गिगाबिट हाच शहाणा मुक्काम, कारण त्याला तीच जुनी केबल चालते. एसएसडी (न फिरणारी, चिपवरची डिस्क) असेल आणि हौस असेल तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जुन्या सर्व्हरमधून निघालेली 10 गिगाबिटची कार्डं शोधावीत. दोन यंत्रं एकाच टेबलावर असतील तर मध्ये एसएफपी प्लसची (या कार्डांवरच्या 10 गिगाबिटच्या खाचेची) तयार तांब्याची जोडकेबल लावा. ती आरजे-45 च्या, म्हणजे नेहमीच्या आठ तारांच्या जॅकच्या, 10 गिगाबिटपेक्षा कितीतरी कमी तापते. कार्डाला मात्र पंख्याचा वारा लागतो.

एका ठिकाणी मी तांब्याचा आग्रह सोडतो. सोसायटीच्या गेटवरचा कॅमेरा, गच्चीवरचं काही, किंवा ए विंगपासून सी विंगपर्यंतची ओढ. इथरनेटच्या पोर्टमध्ये बारीक ट्रान्सफॉर्मर असतात आणि ते 1500 व्होल्टपर्यंतचं वेगळेपण सांभाळतात. मेच्या शेवटी किंवा ऑक्टोबरमध्ये ठाण्यावर वीज कडाडते तेव्हा जवळपास पडलेली वीज लांब तारेत त्याहून बराच जास्त दाब उठवू शकते, आणि दोन इमारतींच्या अर्थिंगमध्ये फरक असेल तर तो तारेतूनच वाट काढतो. मग सकाळी स्विचची पोर्टं मेलेली सापडतात. शिवाय गेटपर्यंतचं अंतर पुष्कळदा 100 मीटरच्या पुढे जातं. तिथे फायबर घालावं. काचेतून वीज वाहत नाही. दोन टोकांना दोन मीडिया कन्व्हर्टर (प्रकाश आणि विजेचे संकेत यांची अदलाबदल करणारे डबे) लागतात, आणि त्या जोडीचा खर्च कॅमेऱ्याचं चित्रण साठवणाऱ्या, जळालेल्या एका डीव्हीआरपेक्षा कमीच येतो.