बटरहेड लेट्यूस : परसबागेतील लागवड

बटरहेड हा लेट्यूसचा सैल गड्डा धरणारा, मऊ पानांचा प्रकार. शास्त्रीय नाव लॅक्टुका सॅटायव्हा, कुल सूर्यफुलाचे. बाहेरची पाने हिरवी, गाभा पिवळसर. पान इतके नाजूक की हाताळणीत लगेच काळवंडते. म्हणून मंडईत ते आइसबर्ग या घट्ट गड्ड्याच्या, कुरकुरीत लेट्यूसइतके दिसत नाही आणि घरी लावण्यासारखे आहे. बटरक्रंच या जातीला १९६३ साली अमेरिकेत ऑल-अमेरिका सिलेक्शन्स या नव्या जातींची चाचणी घेणाऱ्या संस्थेचा पुरस्कार मिळाला. इतर बटरहेडपेक्षा ही उष्णता जास्त सोसते, त्यामुळे महाराष्ट्रात सुरुवात हिच्यापासून करावी.

हे थंडीचे पीक आहे. पुणे-नाशिककडे पेरणी ऑक्टोबरअखेर ते डिसेंबर, कोकणात नोव्हेंबरअखेरीनंतर. एकदम सगळे बी न पेरता दर पंधरा दिवसांनी थोडे थोडे पेरावे.

बी उगवले नाही की दोष बियाण्याला दिला जातो. पुष्कळदा कारण उष्णता असते. उगवणीला १५ ते २० अंश सेल्सिअस तापमान उत्तम. ओले झालेले बी पहिल्या काही तासांत ३० अंशांच्या आसपास तापले तर ते सुप्तावस्थेत जाते आणि नंतर गारवा मिळाला तरी लवकर उगवत नाही. म्हणून पेरणी संध्याकाळी करावी, ट्रे रात्री गॅलरीत आणि दिवसा सावलीत ठेवावा. ऑक्टोबरची उष्णता ओसरली नसेल तर बी ओल्या टिश्यूपेपरमध्ये गुंडाळून दोन-तीन दिवस फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावे, मग पेरावे.

बी खोल पुरू नये. बहुतेक जातींच्या बियांना उगवायला उजेड लागतो. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि चाळलेले गांडूळखत समप्रमाणात भरून, भिजवून, वर बी टाकावे आणि जेमतेम २-३ मिलिमीटर कोकोपीट भुरभुरावे. पाणी फवाऱ्यानेच द्यावे. झारीच्या धारेने बी एका कोपऱ्यात वाहून जाते. चार ते सात दिवसांत कोंब दिसतात. त्यानंतर उजेड कमी पडला तर रोपे लांबुळकी होऊन आडवी होतात. ट्रे सतत चिंब राहिला तर बुंध्याशी बारीक होऊन कोलमडतात.

चार-पाच पाने आली की, म्हणजे साधारण तीन-चार आठवड्यांनी, २० ते २५ सेंटिमीटर अंतरावर पुनर्लागवड करावी. कुंडी आठ इंची असेल तर एकच रोप. रोपाचा गाभा मातीच्या वर राहिला पाहिजे, नाहीतर तळची पाने कुजतात. मुळे उथळ असल्याने माती वाळू देऊ नये. पाणी सकाळी, बुंध्याशी द्यावे. सकाळचे चार-पाच तास ऊन पुरे, दुपारी शेडनेट असावी.

आतल्या कोवळ्या पानांच्या कडा तपकिरी झाल्या तर तो रोग नव्हे. वाढ जोरात असताना गाभ्यापर्यंत कॅल्शियम पोचत नाही, आणि कधी कोरडे तर कधी चिंब अशा पाण्याने हे वाढते. चुन्यापेक्षा नियमित पाणी आणि युरियाला आवर, हाच उपाय. युरियातल्या जास्त नत्राने मावा ही कीडही येते. ती पानांच्या मागून पाण्याच्या धारेने धुवावी, गरज पडल्यास निंबोळी अर्क फवारावा.

पेरणीपासून ६० ते ७० दिवसांनी गड्डा दाबून मऊसर भरीव लागला की भल्या सकाळी कापावा. फेब्रुवारीअखेर ऊन तापले की कांद्याला डेंगळे यावेत तसा मधून फुलाचा दांडा निघतो आणि पाने कडू होतात. मध्यभाग उंचावताना दिसला की गड्ड्याची वाट न पाहता त्याच दिवशी काढणी करावी.