मिड सफोक जिल्हा कौन्सिलची २०२३ ची निवडणूक: पार्श्वभूमी

४ मे २०२३ रोजी इंग्लंडच्या पूर्व भागातील मिड सफोक या ग्रामीण जिल्ह्यात कौन्सिलची निवडणूक झाली आणि ३४ पैकी २४ जागा ग्रीन पक्षाने जिंकल्या. हुजूर पक्षाला सहा, तर लिबरल डेमोक्रॅट पक्षाला चार जागा मिळाल्या आणि मजूर पक्षाची पाटी कोरी राहिली. ब्रिटनमध्ये ग्रीन पक्षाला कौन्सिलमध्ये स्वबळावर पूर्ण बहुमत मिळण्याची ही पहिलीच वेळ होती. यापूर्वी ब्रायटनमध्ये त्याने सत्ता चालवली होती, पण ती अल्पमतात. पर्यावरणवादी पक्षाचा पहिला गड एखाद्या विद्यापीठाच्या शहरात उभा राहील, असा अनेकांचा अंदाज होता. प्रत्यक्षात तो गहू, बीट आणि वराहपालन यांवर उभ्या असलेल्या मुलखात, पिढ्यान्‌पिढ्या हुजूर पक्षाचा खासदार निवडून देणाऱ्या गावांत उभा राहिला. हा निकाल एका लाटेचा परिणाम मानणे सोपे आहे, पण त्याची मुळे गावपातळीवरच्या कारभाराच्या जुन्या इतिहासात आहेत.

या भागातील स्थानिक कारभाराचा आरंभ गरिबांच्या पोटापाण्याच्या व्यवस्थेपासून होतो. स्टोमार्केट या बाजारपेठेच्या गावाजवळ, वनहाउस येथे, आसपासच्या अनेक गावांनी मिळून बांधलेले मोठे दरिद्रगृह १७८१ मध्ये पूर्ण झाले. विटांची ही प्रशस्त वास्तू अजूनही उभी आहे आणि तिच्यात आता लोकांची घरे आहेत. १८३४ च्या दरिद्री कायद्यानंतर अशा ‘युनियन’चा, म्हणजे गावांच्या संघाचा, कारभार निवडून आलेल्या पालकमंडळाकडे गेला. मात्र ही निवडणूक आजच्या अर्थाने निवडणूक नव्हती. १८४४ पासूनच्या नियमानुसार मालमत्तेच्या मूल्याप्रमाणे जमीनमालकाला सहापर्यंत आणि कब्जेदार म्हणून पुन्हा सहापर्यंत, म्हणजे एका माणसाला बारापर्यंत मते देता येत असत. शिवाय स्थानिक न्यायदंडाधिकारी, जे बहुधा जमीनदारच असत, निवडून न येताही मंडळावर बसत. १८७० च्या दशकातील सार्वजनिक आरोग्य कायद्यांनी गावची गटारे, विहिरी आणि साथीचे रोग ही कामेही याच मंडळांच्या गळ्यात घातली.

ही चौकट मोडली ती १८९४ च्या स्थानिक शासन कायद्याने. त्याने ग्रामीण आणि नागरी जिल्हा कौन्सिले व पॅरिश, म्हणजे गावपातळीवरची, कौन्सिले निर्माण केली, एकाच व्यक्तीला अनेक मते देण्याची पद्धत आणि दंडाधिकाऱ्यांच्या पदसिद्ध जागा रद्द केल्या, आणि विवाहित स्त्रियांसह स्त्रियांना या कौन्सिलांसाठी मतदान करण्याचा व निवडून येण्याचा अधिकार दिला. पार्लमेंटसाठी मतदान करायला त्यांना पुढे १९१८ पर्यंत थांबावे लागले, हे लक्षात घेतले की या फारशा न गाजलेल्या कायद्याचे मोल कळते. या ग्रामीण कौन्सिलांवर पक्षाचे नाव लावून उभे राहण्याची रीत मात्र फारशी रुजली नाही. उमेदवार ‘अपक्ष’ म्हणून उभा राही, बहुतेकदा तो शेतकरी, व्यापारी किंवा गावचा पाद्री असे, आणि अनेक जागा बिनविरोध भरल्या जात. कोण कोणत्या पक्षाचा हे साऱ्या गावाला ठाऊक असे, पण तसे उघड म्हणणे शिष्टसंमत मानले जात नसे.

आजचा जिल्हा हा १९७४ चा जोडकाम केलेला तुकडा आहे. १९६९ मध्ये रेडक्लिफ-मॉड आयोगाने बहुतांश इंग्लंडसाठी एकस्तरीय, मोठी स्थानिक प्राधिकरणे सुचवली होती, परंतु १९७० मध्ये सत्तेवर आलेल्या हुजूर सरकारने काउंटी (अनेक जिल्ह्यांचा मोठा प्रशासकीय प्रदेश) आणि जिल्हा अशी द्विस्तरीय रचना कायम ठेवली. त्यानुसार १९७२ च्या कायद्यान्वये आय हे जुने सनदी शहर, स्टोमार्केटचा नागरी जिल्हा आणि गिपिंग, हार्टिस्मियर व थेडवास्ट्री हे तीन ग्रामीण जिल्हे एकत्र करून मिड सफोक घडवला गेला. गोम अशी की तोवर सफोकच्या पूर्व आणि पश्चिम अशा दोन प्रशासकीय काउंट्या होत्या. थेडवास्ट्री पश्चिमेत होता, बाकीचे पूर्वेत. म्हणजे नव्या जिल्ह्याच्या सीमेला स्थानिक निष्ठेचा आधार फारसा नव्हता, आणि त्याचे नावही कोणत्याही गावाचे नसून नकाशावरच्या दिशेचे होते. सुमारे ८७० चौरस किलोमीटर, २०२१ च्या जनगणनेनुसार सुमारे १,०२,७०० लोकसंख्या आणि शंभराहून अधिक पॅरिश असा त्याचा पसारा आहे. नावात ‘जिल्हा’ असला तरी आकाराने तो आपल्या तालुक्याच्या जवळ जातो.

अधिकारही मर्यादितच आहेत. रस्ते, शाळा आणि वृद्धांची देखभाल ही कामे काउंटी कौन्सिलकडे आहेत. जिल्ह्याकडे कचरा, घरकुले आणि मुख्यतः बांधकाम परवानग्या. कौन्सिल कराची बिले जिल्ह्याच्या नावाने घरोघर जातात, पण वसुलीचा मोठा हिस्सा काउंटीकडे आणि पोलिसांकडे वळतो. त्यामुळे खड्ड्यांबद्दल शिव्या खाणारा जिल्हा सदस्य खड्डा बुजवू शकत नाही. त्याच्या हातात खरी कळ एकच आहे, ती म्हणजे कोणत्या शेतात घरे उभी राहतील आणि कोणत्या नाही.

आणि नेमकी हीच कळ गेल्या दशकात हातातून निसटत गेली. केंद्र सरकारच्या नियोजन धोरणानुसार, पुढील पाच वर्षांत लागणाऱ्या घरांसाठी पुरेशी जमीन उपलब्ध असल्याचे कौन्सिलला दाखवता आले नाही, तर विकसकाच्या बाजूने पारडे झुकते. वूलपिट या गावातील ग्रीन रोडलगतच्या ४९ घरांच्या प्रकल्पाला कौन्सिलने परवानगी नाकारली आणि विकसक अपिलात गेला. आपल्याकडे पाच वर्षांहून जास्त पुरवठा आहे, हा कौन्सिलचा दावा अपील ऐकणाऱ्या सरकारी निरीक्षकाने सप्टेंबर २०१८ मध्ये फेटाळला, पुरवठा साडेतीन वर्षांचाही नसल्याचे म्हटले आणि परवानगी देऊन टाकली. ज्या जागा अजून परवानगीपर्यंतही पोचल्या नव्हत्या त्या हिशेबात धरल्या गेल्या होत्या. नियोजन वकिलांच्या वर्तुळात हा निर्णय देशभर उद्धृत झाला. गावकऱ्यांपुरता त्याचा अर्थ एवढाच होता की आपल्या गावाच्या वाढीचा निर्णय आपल्या प्रतिनिधींच्या हाती राहिलेला नाही.

सत्ताकेंद्र दूर जात असल्याची भावना दुसऱ्या वाटेनेही वाढत होती. शेजारच्या बाबर्ग जिल्ह्याशी पूर्ण विलीनीकरण व्हावे का, यावर २०११ मध्ये दोन्हीकडे कौल घेण्यात आला. मिड सफोकने होकार दिला, बाबर्गने नकार. कौन्सिले वेगळी राहिली, पण कर्मचारी आणि मुख्य अधिकारी मात्र सामायिक झाले. २०१७ मध्ये नीडम मार्केटमधील मुख्यालय बंद करून कारभार इप्सविच येथील काउंटीच्या एंडेव्हर हाउस या इमारतीत हलवला गेला. इप्सविच मिड सफोकमध्ये मोडत नाही. कौन्सिलने स्वतःच्या हद्दीबाहेर बसून कारभार करावा, हे पैशाच्या हिशेबात कदाचित योग्य असेल. मतदाराला ते पटवून देणे अवघड होते.

या पार्श्वभूमीवर ग्रीन पक्षाची वाढ पाहावी लागते. २०१५ पर्यंत त्याचे सदस्य हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. परंतु ते वर्षभर पत्रके वाटत, पॅरिश कौन्सिलच्या बैठकांना हजर राहत आणि निवडणुकीच्या वेळी निवडक प्रभागांतच सारी ताकद लावत. साधे बहुमत चालणाऱ्या पद्धतीत, आणि एक-दोन सदस्यांच्या छोट्या प्रभागांत, थोड्याशा मतांनी जागा फिरते. जुन्या अपक्ष सदस्याकडून गावाला जी अपेक्षा असे, म्हणजे ओळखीचा, फोनला उत्तर देणारा, लंडनच्या पक्षशिस्तीपेक्षा गावाचे म्हणणे मांडणारा माणूस, ती भूमिका या पक्षाच्या उमेदवारांनी उचलली. मला स्वतःला हवामानबदलाच्या चिंतेपेक्षा ही गोष्ट अधिक निर्णायक वाटते.

२०१९ मध्ये सदस्यसंख्या ४० वरून ३४ वर आणून नव्या प्रभागरचनेवर निवडणूक झाली. हुजूर पक्षाला १६, ग्रीनला १२, लिबरल डेमोक्रॅटना पाच आणि अपक्षाला एक जागा मिळाली. अपक्षासह १७ विरुद्ध १७ अशी बरोबरी झाली आणि सभाध्यक्षांच्या निर्णायक मतावर हुजूर पक्षाने सत्ता टिकवली. चार वर्षे एका मतावर चाललेला हा कारभार विरोधकांना आयती संधी ठरला. त्यात वेस्टमिन्स्टरमध्ये एका वर्षात तीन पंतप्रधान झाले आणि नॉरिच ते टिलबरी अशी उच्चदाब वीजवाहिनी मनोऱ्यांवरून नेण्याच्या प्रस्तावाने खेड्यांत असंतोष पसरला. २०२३ च्या निकालानंतर ग्रीन गटाचे नेते अँडी मेलन कौन्सिलचे प्रमुख झाले. पुढच्याच वर्षी, आय परिसराचा समावेश असलेल्या वेव्हनी व्हॅली या नव्या मतदारसंघातून ग्रीन पक्षाचे एड्रियन रॅम्से पार्लमेंटवर गेले.

सत्ता आली तरी चौकट जुनीच राहिली. बाबर्गसोबतच्या संयुक्त स्थानिक आराखड्याचा पहिला भाग नोव्हेंबर २०२३ मध्ये मंजूर झाला, पण त्याची आखणी आधीच्या सत्ताधाऱ्यांच्या काळातली होती. डिसेंबर २०२४ मध्ये मजूर सरकारने श्वेतपत्रिका काढून द्विस्तरीय रचना मोडीत काढण्याचे जाहीर केले आणि रेडक्लिफ-मॉड आयोगाचा विचार अर्ध्या शतकानंतर परत आला. सफोक काउंटीची मे २०२५ ची निवडणूक पुढे ढकलली गेली. सप्टेंबर २०२५ मध्ये काउंटीने संपूर्ण सफोकसाठी एकच प्राधिकरण, तर मिड सफोकसह पाच जिल्हा व नगर कौन्सिलांनी तीन प्राधिकरणे, असे परस्परविरोधी प्रस्ताव सरकारकडे पाठवले. दोहोंपैकी कोणताही स्वीकारला तरी १९७४ चा हा जिल्हा बरखास्त होतो, आणि बांधकाम परवानग्यांचा अधिकार त्याहून कितीतरी मोठ्या हद्दीच्या संस्थेकडे जातो.