पिशवी वर बांधल्यानंतरचं बाळंतपण

अंग बाहेर येत होतं, म्हणजे गर्भाशयाची पिशवी खाली उतरत होती, म्हणून ऑपरेशन झालं आणि आता मूल हवं आहे, किंवा दिवस गेलेही आहेत. अशा वेळी डॉक्टरांपुढे सर्वांत आधी ठेवायचा कागद म्हणजे त्या ऑपरेशनची सविस्तर नोंद. डिस्चार्ज कार्डावर नुसतं 'प्रोलॅप्स रिपेअर' (अंग बाहेर येण्यावरची दुरुस्ती) लिहिलेलं असेल तर त्यातून काहीच कळत नाही. काय बांधलं, कशाला बांधलं आणि कशानं बांधलं, हे समजल्याशिवाय बाळंतपण खालून होऊ द्यायचं की सिझेरियन करायचं, हे ठरवता येत नाही. कागद हाताशी नसेल तर जिथे ऑपरेशन झालं तिथून ऑपरेशन नोटची प्रत मागून घ्यावी, आणि तीही शक्यतो दिवस जाण्याआधी.

गर्भाशय ओटीपोटात कसं राहतं? शिंक्यात मडकं टांगलेलं आहे आणि खालून कुणीतरी हात लावून ठेवला आहे, असं समजा. शिंक्याच्या दोऱ्या म्हणजे गर्भाशयमुखापासून मागे माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीकडे आणि दोन्ही बाजूंना जाणारे बंध. खालचा हात म्हणजे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू. बाळंतपणात या स्नायूंना इजा झाली की हात निघतो, सगळा भार दोऱ्यांवर येतो, आणि पुढच्या काही वर्षांत दोऱ्या सैल होत जातात. ऑपरेशन दोऱ्या आवळतं किंवा नव्या लावतं. फाटलेला स्नायू हाडावरून सुटला असेल तर नेहमीच्या ऑपरेशनात तो जोडला जात नाही. टाके पक्के असूनही पुढच्या बाळंतपणात त्रास का उलटतो, याचं उत्तर बरंचसं इथेच आहे.

गर्भाशय न काढता करायच्या शस्त्रक्रियांचे ढोबळ तीन गट पडतात. पहिल्यात स्वतःच्याच ऊतींना टाके घालतात: योनीमार्गाची पुढची किंवा मागची भिंत शिवणं, किंवा गर्भाशयमुख मागच्या बंधाला टाचणं. अशा ऑपरेशननंतर खालून प्रसूती होऊ शकते. फक्त त्या ताणात शिवण पुन्हा सैल पडण्याची शक्यता धरून चालावं लागतं.

दुसरं मँचेस्टर ऑपरेशन. इंग्लंडमधल्या त्या शहरात डॉ. आर्चिबाल्ड डोनाल्ड यांनी 1888 पासून ते सुरू केलं. यात लांबलेल्या गर्भाशयमुखाचा काही भाग कापून टाकतात आणि बाजूचे बंध उरलेल्या मुखाच्या पुढे आणून शिवतात. पिशवी वर जाते, पण गर्भ आत धरून ठेवणारं दार आखूड होतं. म्हणून गर्भपात, पाणी लवकर जाणं, अपुऱ्या दिवसांची प्रसूती हे धोके वाढतात. कधी व्रण आकसून मुख अरुंद होतं, मग दिवस जायलाच अडचण येते. किंवा कळा जोरात असूनही मुख उघडत नाही. मूल हवं असलेल्या बाईला हे ऑपरेशन शक्यतो सुचवूच नये. झालेलंच असेल तर 16 ते 24 आठवड्यांत योनीमार्गातून सोनोग्राफी करून मुखाची लांबी मोजत राहतात. ती 25 मिलिमीटरपेक्षा कमी भरली तर प्रोजेस्टेरॉन (गर्भ टिकवायला मदत करणारं संप्रेरक) द्यायचं की मुखाला टाका घालायचा, याचा विचार होतो.

तिसरा गट पट्टीचा किंवा जाळीचा. पोटातून किंवा दुर्बिणीनं गर्भाशयमुखाला कृत्रिम पट्टी लावून ती त्रिकास्थीच्या वरच्या कडेला बांधतात. डॉ. वि. ना. शिरोडकर यांची स्लिंग, म्हणजे आधाराची पट्टी, याच जातीची. (1955 मध्ये त्यांनी मांडलेला गर्भाशयमुखाचा टाका वेगळा. नोंदीत नुसतं 'शिरोडकर' लिहिलेलं असेल तर स्लिंग की टाका, हे जरूर विचारा.) पुरंदरे पद्धतीत पट्टी मागे न जाता पोटाच्या पुढच्या भिंतीच्या आवरणाला बांधलेली असते.

जाळी मुखाच्या फक्त मागे आहे की तिनं मुखाला गोल वेढा घातला आहे, या एका तपशिलावर पुढचं सगळं अवलंबून आहे. वेढा असेल तर मुख उघडायला वावच राहत नाही. सिझेरियन ठरवूनच करावं लागतं आणि कळा सुरू होण्याची वाट पाहत नाहीत. शिवाय अशी जाळी गर्भाशयाच्या रक्तवाहिन्यांजवळून जाते, म्हणून बाळाची वाढ सोनोग्राफीनं अधूनमधून तपासतात. सिझेरियन करतानाही नेहमीच्या जागी छेद घेता येईलच असं नाही. जाळी पुढे आलेली असते, मूत्राशय तिला चिकटलेलं असू शकतं. तेव्हा छेद थोडा वर घेऊन जाळी न कापता बाळ काढतात.

ऑपरेशननंतर निदान सहा महिने, शक्यतो वर्षभर थांबायला सांगतात. बरी झालेली जखम तीन महिन्यांत मूळ ताकदीच्या 70 ते 80 टक्क्यांपर्यंत पोहोचते. पूर्ण ताकद कधीच परत येत नाही. थांबण्याच्या या काळात खात्रीचं गर्भनिरोधक वापरावं.

गर्भारपणात पहिले तीन महिने अनेकींना खाली जडपणा जाणवतो. संप्रेरकांमुळे ऊती मऊ होतात आणि गर्भाशय अजून ओटीपोटातच असतं. बाराव्या आठवड्यानंतर ते वर पोटात चढतं, तेव्हा अनेकदा आपोआप हलकं वाटतं. या सुमारास लघवी तुंबली, म्हणजे भरल्यासारखं वाटतं पण होत नाही, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. जाळी असलेल्यांना पिशवी वाढताना कमरेत किंवा माकडहाडाच्या वर ओढ जाणवू शकते. लोहाच्या गोळ्यांनी पोट कडक होत असेल तर गोळी बंद न करता डॉक्टरांकडून प्रकार बदलून घ्यावा. रोज कुंथणं टाक्यांना नक्कीच मानवत नाही.

आता प्रत्यक्ष प्रसूती. बाळाचं डोकं नीट वाकलेलं असेल तर साधारण साडेनऊ सेंटिमीटर व्यासाचा भाग बाहेर येतो. 2004 मधल्या एका संगणकीय प्रतिकृतीत तळाच्या स्नायूचा आतला पट्टा डोकं बाहेर पडताना मूळ लांबीच्या 3.26 पट ताणला गेल्याचं दिसलं. हातापायाचे स्नायू दीडपटीच्या पुढे ताणले की इजा होते, हे लक्षात घेतलं तर हा आकडा जवळजवळ अविश्वसनीय वाटतो. बहुतेकींचा स्नायू तरीही टिकतो, कारण गर्भारपणात तो बदललेला असतो. बाळाच्या डोक्याला चिमटा (फोर्सेप्स) लावला तर स्नायू हाडावरून सुटण्याचा धोका बराच वाढतो. उपकरण लागलंच तर त्या दृष्टीनं व्हॅक्यूम (डोक्याला शोषून धरणारी वाटी) बरा. मुख पूर्ण उघडण्याआधी जोर करायला लावू नये, आणि डोकं दिसू लागल्यावर खालच्या जागेवर कोमट ओल्या कपड्याचा शेक द्यावा.

मग सगळ्यांचंच सिझेरियन का नको? कारण गर्भारपणाचा भार आणि संप्रेरकांचा परिणाम त्यानं टळत नाही, आणि प्रत्येक व्रणागणिक पुढच्या खेपेला वार (प्लॅसेंटा) खोल रुतण्याचा धोका वाढतो. या विषयावरचा पुरावा मुख्यतः थोड्या-थोड्या रुग्णांच्या नोंदींचा आहे. म्हणून जाळी नसलेल्या बाईला 'सिझेरियनच करावं लागेल' असं कुणी ठासून सांगितलं, तर त्यामागचं कारण विचारावं.

बाळंतपणानंतर काही दिवसांनी तळाच्या स्नायूंचे व्यायाम सुरू करता येतात: एका वेळी निदान आठ आकुंचनं, दिवसातून तीनदा. वारा सरू नये म्हणून आवळतो तसं आत आणि वर ओढायचं. पोट, मांड्या, नितंब सैल आणि श्वास चालू. लघवी मध्येच थांबवून सराव करू नये.

अंगावर पाजताना इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी असतं, योनी कोरडी राहते आणि पिशवी पुन्हा खाली आल्यासारखं वाटतं. त्यातलं बरंच पुढच्या महिन्यांत सावरतं, त्यामुळे घाईनं दुसरं ऑपरेशन करायचं नाही. तोवर आधारासाठी रिंग पेसरी (योनीत ठेवायची कडी) बसवता येते. ती बसवल्यावर तिथेच चालून, खोकून, लघवीला जाऊन पाहावं. निसटली किंवा टोचली तर माप बदलून घ्यावं आणि मगच घरी जावं.