ट्वेल्फ्थ नाईट बसवताय? कपड्यांचं आधी बोलून घेऊ

नमस्कार मंडळी, ठाणे-नवी मुंबईतल्या हौशी ग्रुपना, कॉलेजना, सोसायट्यांना आम्ही नाटकाचे कपडे भाड्याने देतो. शेक्सपिअरची ही कॉमेडी मराठीत करायचीये म्हणून फोन आला की पहिली मागणी असते ड्यूकचा भारी ड्रेस काढून ठेवा. आमचं म्हणणं, बजेट तिथे घालवू नका. हे नाटकच कपड्यांवर चालतं, कोण कोणासारखा दिसतो ते आधी ठरवा.

एक म्हणजे यात कॅप्टन दोन आहेत. जहाज फुटल्यावर एकाने नायिका व्हायोलाला वाचवलं (ती पुढे पुरुषी वेषात ड्यूककडे नोकरीला राहते) आणि दुसऱ्याने, म्हणजे अँटोनिओने, तिच्या जुळ्या भावाला. दोघांना सारखाच निळा कोट दिला तर पब्लिक नको तिथे गोंधळतं. अँटोनिओला टोपी हवीच, पण आधीच्या सीनना, कारण पुढे त्याला पकडणारा शिपाई म्हणतो की आज डोक्यावर दर्यावर्दी टोपी नसली तरी मी तुला ओळखतो, म्हणजे टोपी लोकांनी आधी बघितलेली पाहिजे आणि तिथे ती नसली पाहिजे, नाहीतर वाक्य फुकट जातं.

जुळ्यांचे दोन्ही जोड एकाच कापडातून घ्या. भाऊ घालायचा त्याच रंगाचं, त्याच पद्धतीचं मी घालते असं व्हायोला स्वतःच सांगते. उंचीत फरक असला तरी चालतो, रंग आणि कमरेचा पट्टा जुळला की लोक मानतात.

आता सूडाची गोष्ट. रात्रीचा दंगा बंद करा म्हणून ऑलिव्हियाबाईंचा कारभारी माल्व्होलिओ घरातल्यांना झापतो आणि तिथलीच दासी मारिया त्याचा वचपा काढायला मालकिणीच्या अक्षरात खोटी चिठ्ठी लिहिते. मग हा बाबा पिवळे मोजे घालून त्यावर आडव्यातिडव्या पट्ट्या आवळून मालकिणीसमोर हसत उभा राहतो, आणि तिला पिवळा रंग अजिबात आवडत नाही! पट्ट्यांनी रक्त अडतं अशी तक्रार त्याच्याच तोंडी आहे, पण तुमच्या नटाचं खरंच अडायला नको, म्हणून आम्ही फुटबॉलचे गुडघ्यापर्यंतचे मोजे देतो आणि काळी पट्टी मागून इलॅस्टिकवर शिवतो, विंगेत पटकन चढते. त्याला हसरा विदूषक करू नका, त्याने मनापासून विश्वास ठेवला तरच हशा येतो, आणि शेवटी तो सगळ्यांचा सूड घेईन म्हणून निघून जातो तेव्हा थिएटर गप्पही होतं. माल्व्होलिओला वेडा ठरवून कोंडतात त्या अंधारकोठडीच्या सीनला घरच्या विदूषकाला पाद्र्याची दाढी आणि झगा लागतो, कैद्याला दिसत नाही तरी प्रेक्षकाला दिसतो.

सगळ्यात महत्त्वाचं, व्हायोलाला शेवटी साडी किंवा गाऊन मागवू नका. तिचे बायकी कपडे त्या पहिल्या कॅप्टनकडे आहेत आणि तो माल्व्होलिओच्याच फिर्यादीवरून कैदेत आहे, माल्व्होलिओ रागाने निघून गेलाय, त्यामुळे ती पुरुषी वेषातच ड्यूकशी लग्नाला तयार होते. १६०२ साली २ फेब्रुवारीला लंडनच्या मिडल टेंपलमध्ये झालेल्या प्रयोगाची नोंद आहे, आणि तेव्हा तर बायकांची कामंही पोरंच करायची.

गडकरी, घाणेकर किंवा वाशीचं भावे, नाट्यगृहाची तारीख मिळाली की लगेच मापं पाठवा, जुळ्यांची दोघांची एकत्रच पाठवा. जाहीर प्रयोग असेल तर मराठी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे (संहिता तपासणारं सरकारी मंडळ) वेळेत द्या. ट्रायल ग्रँड रिहर्सलच्या आधी, डिपॉझिट परत मिळेल ते कपडे आल्यावर, आणि मोजे धुवून आणू नका, पिवळा रंग आम्हीच सांभाळून धुतो.