फ्री म्हणजे लिब्रे की ग्रातिस? गोंधळ नेमका कुठून आला

इंग्लिशमधून स्पॅनिशमध्ये भाषांतर करायला बसलं की फ्री हा शब्द हमखास अडवतो. आपल्या तोंडात तो इतका बसलाय की "आज फ्री आहेस का" आणि "दोनवर एक फ्री" आपण एका दमात बोलून जातो, पण स्पॅनिशमध्ये मोकळं असेल तर लिब्रे आणि पैसे पडणार नसतील तर ग्रातिस. माद्रिदमध्ये टॅक्सीवर लिब्रे दिसलं तर ती रिकामी आहे एवढंच, भाडं द्यावंच लागतं. शुगर-फ्रीला तर दोन्ही चालत नाहीत, तिथे सरळ सिन, म्हणजे "शिवाय".

गंमत म्हणजे फ्री हा आपल्या 'प्रिय'चा नातेवाईक आहे, दोघांचं मूळ एकच. घरातली जवळची माणसं ती प्रिय, आणि ती गुलाम नसायची, म्हणून अर्थ सरकत सरकत स्वतंत्र असा झाला, फुकट हा अर्थ खूप नंतर चिकटला. स्पॅनिशला मात्र लॅटिनकडून दोन वेगळे शब्द मिळाले, लिबेर म्हणजे स्वतंत्र आणि ग्रातिस म्हणजे नुसत्या आभारावर दिलेलं.

खरी पंचाईत सॉफ्टवेअरमध्ये झाली. रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन प्रोग्रॅमरनी १९८३ मध्ये ग्नू हा फ्री सॉफ्टवेअरचा प्रकल्प जाहीर केला, त्यांना म्हणायचं होतं की प्रोग्रॅम वापरायचं, बदलायचं, वाटायचं स्वातंत्र्य हवं, आणि लोक मात्र फुकट एवढंच ऐकायचे. १९९८ मध्ये फ्री सॉफ्टवेअरऐवजी ओपन सोर्स हा नवा शब्द आला त्यामागे हे एक मोठं कारण. स्पॅनिशमध्ये सोफ्तवेअर लिब्रे म्हटलं की विषय संपतो, आणि पुढे इंग्लिशनेच हा लिब्रे उचलला, २०१० मध्ये निघालेल्या लिब्रेऑफिस या ऑफिसकामाच्या सॉफ्टवेअरच्या नावात तोच आहे. स्पॅनिश विकिपीडियाच्या बऱ्याच स्वयंसेवकांनी २००२ मध्ये जाहिराती येतील या भीतीने वेगळं होऊन स्पेनमधल्या सेव्हिया विद्यापीठाच्या सर्व्हरवर स्वतःचा ज्ञानकोश काढला, त्याच्याही नावात लिब्रे. मराठी विकिपीडियाने मुक्त ज्ञानकोश म्हटलं, मोफत नाही, हे मला फार आवडतं.

एक जागा मात्र स्पॅनिशमध्येही निसरडी आहे. एन्त्रादा लिब्रे अशी पाटी असते, एन्त्रादा म्हणजे प्रवेश, मुळात अर्थ कोणीही आत येऊ शकतं, पण बरेच जण तिकीट नाही असंच समजतात. म्हणून तिकीट नसेल तर मी तरी एन्त्रादा ग्रातुइता, म्हणजे मोफत प्रवेश, असंच लिहिते.