आई परत आल्यानंतरची तीन मिनिटे

वर्षभराच्या मुलाचा आपल्या आईशी असलेला भावबंध मोजता येतो का, असे विचारले तर बहुतेक जण हसतील. पण बालमानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना गेली अनेक दशके हे काम रीतसर शिकवले जाते, आणि ते शिकायला वाटते त्यापेक्षा बरेच अवघड आहे. त्यासाठी सर्वाधिक वापरली जाणारी पद्धत ‘स्ट्रेंज सिच्युएशन’ या नावाने ओळखली जाते. ती मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी १९६०च्या दशकात अमेरिकेतील बाल्टिमोर येथे, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात असताना, विकसित केली. त्याआधी १९५४च्या सुमारास त्या युगांडात होत्या आणि कंपालाजवळच्या गावांतील घरांमध्ये बसून आई-मुलांचे निरीक्षण करीत होत्या. बाल्टिमोरमध्ये त्यांच्या गटाने २६ कुटुंबांच्या घरी, मूल तीन आठवड्यांचे झाल्यापासून ते वर्षाचे होईपर्यंत, दर तीन आठवड्यांनी जाऊन प्रत्येक वेळी सुमारे चार तास निरीक्षण केले. प्रयोगशाळेतील वीस-बावीस मिनिटांची चाचणी या दीर्घ निरीक्षणाच्या जोडीला तयार झाली. आज चाचणी सर्वांना ठाऊक असते आणि त्या घरभेटी विसरल्या जातात, ही मला या विषयाच्या अध्यापनातली मोठी उणीव वाटते.

चाचणीची रचना साधी आहे. एका अनोळखी खोलीत दोन खुर्च्या आणि जमिनीवर खेळणी असतात. एकतर्फी काचेमागून किंवा कॅमेऱ्यातून पाहणारे निरीक्षक मुलाला दिसत नाहीत. एकूण आठ टप्पे असतात आणि पहिला छोटा टप्पा सोडला तर प्रत्येक साधारण तीन मिनिटांचा असतो. आई आणि मूल खोलीत येतात, मूल खेळू लागते, मग एक अनोळखी स्त्री येते. ती पहिले मिनिट गप्प बसते, दुसऱ्या मिनिटाला आईशी बोलते आणि तिसऱ्या मिनिटाला मुलाजवळ जाते. त्यानंतर आई बाहेर जाते आणि थोड्या वेळाने परत येते. मग ती पुन्हा जाते, मूल काही काळ एकटे राहते, आधी ती अनोळखी स्त्री आणि शेवटी आई परत येते. मूल फार कासावीस झाले तर विरहाचा टप्पा लगेच आवरता घेतला जातो.

नव्या विद्यार्थ्याची पहिली चूक येथेच होते. त्याचे लक्ष आई जाताना मूल किती रडते याकडे लागते. आपल्याकडे आई कामावर निघाली तरी न रडणाऱ्या मुलाला ‘किती गुणी बाळ’ म्हणतात, आणि हीच समजूत घेऊन तो चित्रफीत पाहायला बसतो. रडण्याचे प्रमाण मुख्यतः मुलाच्या स्वभावावर, त्या दिवसाच्या थकव्यावर आणि आईपासून दूर राहण्याच्या सवयीवर अवलंबून असते. वर्गीकरणाचा भर मात्र आई परत येते त्या दोन टप्प्यांवर असतो. मूल आईकडे जाते का, तिला बिलगून राहते का, तिला टाळते का, तिच्यावर चिडते का, या चार गोष्टींना प्रत्येकी १ ते ७ असे गुण दिले जातात. आईजवळ जाऊन शांत होणारे आणि पुन्हा खेळाला लागणारे मूल ‘सुरक्षित’ गटात येते. एन्सवर्थ यांच्या नमुन्यात अशी मुले सुमारे दोन तृतीयांश होती. उरलेली टाळणारी किंवा प्रतिकार करणारी होती.

प्रतिकार ओळखणे त्यातल्या त्यात सोपे. मूल हात वर करते, आई उचलून घेते, पण लगेच ते अंग ताठ करते, पाय झाडते, दिलेले खेळणे भिरकावते आणि खाली ठेवले की पुन्हा रडते. टाळणे मात्र डोळ्यांदेखत निसटते. दार उघडते, मूल क्षणभर पाहते आणि मान फिरवून खेळण्यातल्या गाडीकडे वळते. गाडी पुढे-मागे होत राहते, पण त्यात खेळ नसतो. आई जवळ आली तर ते किंचित दुसरीकडे सरकते. शिकाऊ विद्यार्थी ‘मूल रमले आहे’ अशी नोंद करतो. शिक्षक तेवढाच तुकडा पुन्हा दाखवून विचारतात: आई जाण्यापूर्वी हे मूल याच गाडीशी कसे खेळत होते? १९७७मध्ये ॲलन स्राऊफ आणि एव्हरेट वॉटर्स यांनी अशा वरून शांत दिसणाऱ्या मुलांच्या हृदयाचे ठोके वाढलेले असल्याचे दाखवले होते. तो शांतपणा निवांतपणा नव्हता.

अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात या कोडिंगचे, म्हणजे वागणे पाहून गुण आणि गट ठरवण्याचे, प्रशिक्षण दीर्घकाळ दिले जात आले आहे. विद्यार्थ्यांनी चित्रफिती पाहून दिलेले वर्गीकरण तज्ज्ञांच्या वर्गीकरणाशी ताडून पाहिले जाते आणि पुरेसा मेळ बसल्यावरच त्यांना संशोधनासाठी कोडिंग करता येते. पण नुसता टक्का फसवा ठरू शकतो. दोन तृतीयांश मुले सुरक्षित गटातली असतील, तर काहीही न पाहता सगळ्यांना ‘सुरक्षित’ म्हणणारा विद्यार्थीही सहासष्ट टक्क्यांच्या आसपास बरोबर ठरेल. म्हणून योगायोगाने जुळणारा भाग वजा करणारा ‘कापा’ हा निर्देशांक काढतात. शिवाय कोडिंग करणाऱ्याला आईचे शिक्षण, उत्पन्न किंवा मानसिक आजाराचा इतिहास कळू दिला जात नाही, कारण असे काही ठाऊक असले की डोळा तेच शोधू लागतो.

सर्वांत कठीण भाग चौथ्या गटाचा. मेरी मेन आणि जुडिथ सॉलोमन यांनी १९८६ मध्ये, आधीच्या तीनही गटांत न बसणाऱ्या मुलांच्या चित्रफिती पुन्हा तपासून ‘विस्कळीत’ हा गट मांडला. मूल आईकडे येता येता मान वळवते, मध्येच गोठल्यासारखे थांबते किंवा तोंडावर हात ठेवून मागे सरकते. हे सारे दोन-चार सेकंदांत घडते आणि पुढे सर्व सुरळीत दिसते. १ ते ९ या मापनश्रेणीवर गुण देताना अनुभवी कोडरांचेही मतभेद होतात, त्यामुळे या गटाचे प्रशिक्षण वेगळे आणि अधिक लांबणीचे असते.

आईच्या वागण्याची मोजपट्टी वेगळी आहे. एन्सवर्थ यांच्या संवेदनशीलतेच्या नऊ गुणांच्या श्रेणीत आई किती हसते किंवा किती पापे घेते हे मोजत नाहीत. मुलाने दिलेली खूण तिला दिसली का, तिचा अर्थ बरोबर लागला का आणि उत्तर वेळेवर आले का, हे पाहतात. झोपेला आलेल्या मुलापुढे उत्साहाने खुळखुळा वाजवणारी प्रेमळ आई येथे कमी गुण मिळवते. पण येथेही विद्यार्थ्याने घाईने निष्कर्ष काढू नये, कारण १९९७ च्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणात संवेदनशीलता आणि सुरक्षित भावबंध यांच्यातील सहसंबंध ०.२४ एवढाच निघाला. म्हणजे संबंध आहे, पण त्यात बाकीच्या कारणांना पुष्कळ जागा उरते.

संस्कृतीचा प्रश्नही याच टप्प्यावर येतो. जपानमधील साप्पोरो येथील एका अभ्यासात टाळणारे एकही मूल सापडले नाही आणि प्रतिकार करणारी मुले सुमारे एक तृतीयांश निघाली. तेथील मुले त्या वयात आईपासून क्वचितच वेगळी राहत असत, त्यामुळे एकटे राहण्याचा टप्पा त्यांना झेपण्यापलीकडचा होता. उलट, १९८८ मध्ये मारिनुस व्हान आयझेंडोर्न आणि पीटर क्रोनेनबर्ग यांनी आठ देशांतील अभ्यास एकत्र केले, तेव्हा देशादेशांतील फरकापेक्षा एकाच देशातील निरनिराळ्या अभ्यासांमधला फरक मोठा आढळला. म्हणून ‘जपानी मूल’ किंवा ‘जर्मन मूल’ अशी भाषा वापरणाऱ्या विद्यार्थ्याला आधी नमुना कोणत्या शहरातला आणि कोणत्या कुटुंबांचा होता, हे सांगावे लागते.

मुलाला अशा ताणात न घालता घरीच पाहण्याचा पर्याय वॉटर्स आणि डीन यांच्या १९८५ च्या ‘क्यू-सॉर्ट’ने दिला. निरीक्षक काही तास घरी बसतो आणि नंतर मुलाच्या वागण्याची वर्णने असलेली ९० कार्डे, सर्वाधिक लागू पडणाऱ्यापासून अजिबात लागू न पडणाऱ्यापर्यंत, नऊ गठ्ठ्यांत लावतो. त्यातून गट हाती लागत नाही, सुरक्षिततेचा एक आकडा मिळतो.

ही कौशल्ये मिळवलेला विद्यार्थी पुढे बालकल्याण खाते किंवा न्यायालय यांच्याकडे गेला, तर अडचण सुरू होते. एकाच मुलाचे एका दिवशीचे वर्गीकरण इतके बिनचूक नसते की त्यावरून मूल आईकडे ठेवावे की नाही हे ठरवावे, आणि विस्कळीत वागणे म्हणजे छळाचा पुरावा असाही अर्थ होत नाही, असे या क्षेत्रातील अनेक संशोधकांनी २०१७ मध्ये एकत्रितपणे लिहून जाहीर केले. ही चाचणी गटांच्या तुलनेसाठी बनवली गेली होती आणि तिचे प्रशिक्षणही तेवढ्याच मर्यादेत वैध आहे.